बाबांना हात खिशात ठेवायला सांगू नका

नाशिकच्या एका ताईंचा प्रश्न आहे. त्यांचे आईबाबा पुढच्या महिन्यात ग्रीस आणि तुर्कस्तानच्या सहलीला निघालेत, पहिल्यांदाच देशाबाहेर. बाबांना कमी ऐकू येतं, त्यामुळे ते तोंडापेक्षा हातांनी जास्त बोलतात. घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर कुणीतरी 'परदेशात या खुणा चुकूनही करू नका' अशी यादी टाकली. अंगठा नको, पंजा नको, दोन बोटं नकोत, बोटांचं वर्तुळ नको. ती वाचून बाबा म्हणाले, "मग मी आपले हात खिशातच ठेवतो." ताई विचारतात, यात खरं किती, आणि सांभाळायचं नेमकं काय?

ताई, मी २४ वर्षं टूर मॅनेजर म्हणून मराठी ग्रुप घेऊन बाहेर जाते आहे. युरोप, तुर्कस्तान, इजिप्त, जपान, थायलंड. कोचमध्ये माइकवर बोलायचं आणि खाली उतरलं की हातांनी बोलायचं, यातच माझा दिवस जातो. म्हणून आधी एवढंच सांगते की बाबांना हात खिशात ठेवायला लावू नका. ज्याला नीट ऐकू येत नाही त्याचे हात खिशात गेले की तो चाळीस माणसांच्या ग्रुपमध्येही एकटा पडतो. मी असे गेस्ट पाहिलेत. तिसऱ्या दिवसापासून ते खिडकीबाहेर बघत बसतात आणि जेवणाच्या टेबलावर मान खाली घालून जेवतात.

ती यादी खोटी नाही, पण ती वाचून वाटतं की बाहेरचं जग शिव्यांच्या खुणांनी भरलेलं आहे आणि आपण चुकलो की कुणी अंगावर येईल. इतक्या वर्षांत खुणेवरून खरोखर हातघाईवर आलेलं मी एकदाच पाहिलं. रोज दिसते ती फसगत साधी असते. आपण बोलावतो आणि माणूस निघून जातो. आपण 'अजून वाढा' म्हणतो आणि समोरचा आभार मानून आत जातो. त्याने 'थांबा' म्हटलेलं असतं आणि आपण त्याच्या हातावर पैसे ठेवतो. बाबांना तयार करायचं असेल तर या तीन-चार साध्या गोष्टींसाठी करा: बोलावणं, मोजणं, हो-नाही, आणि 'नको, पुरे'.

तो एकदा पाहिलेला प्रसंग मात्र ग्रीसमधलाच आहे, म्हणून तो आधी. अथेन्सला प्लाका भागात आमचा कोच जेमतेम उभा करता येईल अशा जागी थांबला होता आणि मागे टॅक्सीवाला हॉर्न वाजवत होता. दोन गेस्ट अजून यायचे होते. बँकेतून निवृत्त झालेले एक काका, अतिशय सभ्य माणूस, कोचच्या पायरीवर उभे राहिले आणि टॅक्सीवाल्याला समजावू लागले, "पाच मिनिटं!" हात पूर्ण लांब, पंजा ताठ, पाचही बोटं फाकलेली, त्याच्या तोंडाच्या दिशेने. त्याला कळलं नाही असं वाटून त्यांनी दुसऱ्यांदा हात आणखी पुढे केला. टॅक्सीवाला दार आपटून खाली उतरला. आमची लोकल गाइड धावत मध्ये गेली. तिने काकांचं मनगट धरलं, पंजा वळवून त्यांच्याच छातीकडे केला आणि टॅक्सीवाल्याला ग्रीकमध्ये भराभर सांगितलं की हा माणूस वेळ सांगतोय. तो काकांकडे बघतच राहिला, मग मान हलवून परत गाडीत बसला. काकांचा हात मात्र संध्याकाळपर्यंत थरथरत होता. "मी काय केलं?" हे त्यांनी मला तीन वेळा विचारलं.

त्यांनी जे केलं त्याला ग्रीकमध्ये 'मूंत्झा' म्हणतात. उघडा पंजा बोटं फाकवून समोरच्याच्या तोंडाकडे ढकलायचा, सोबत 'ना!' म्हणायचं, म्हणजे 'हे घे!'. दोन्ही हातांनी केलं तर अपमान दुप्पट. याचं मूळ बायझंटाइन काळातल्या शिक्षेत सांगतात. गुन्हेगाराला गाढवावर उलटं बसवायचं, गावातून फिरवायचं आणि त्याच्या तोंडाला राख, काजळी फासायची. मराठी माणसाला हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही. गाढवावरून धिंड आपल्याकडेही होती, आणि तोंडाला काळं फासणं तर आजही बातम्यांत असतं. फासणारा हात कसा पुढे येतो ते डोळ्यासमोर आणा, तोच हा पंजा. २०११ साली आर्थिक संकटाच्या दिवसांत अथेन्सच्या सिंटाग्मा चौकात हजारो लोक संसदेकडे तोंड करून एकाच वेळी हे पंजे दाखवत होते.

आपल्याकडे हाच पंजा म्हणजे आशीर्वाद. देवाच्या मूर्तीची अभयमुद्रा हीच, वाहतूक पोलिसाचा 'थांब' हाच, आणि मतदान यंत्रावरचं काँग्रेसचं चिन्हही हेच. त्यामुळे हा हात आपल्याकडून फार सहज निघतो. तो बंद करायची गरज नाही, फक्त वळवायचा आहे. ग्रीक माणूस पाच दाखवताना तळवा स्वतःकडे करतो. बाबांना आजपासून घरात पाच असेच दाखवू द्या, रोज चहाच्या वेळी, आरशासमोर नको, आईसमोर. महिनाभरात सवय होते. टाटा करायला काही हरकत नाही, सैल बोटांनी हलवलेला हात तिथेही टाटाच असतो. आणि चुकून झालंच, तर परदेशी पाहुण्याचा हात आहे हे ग्रीक लोकांना बहुतेक वेळा लगेच कळतं. त्या दिवशी हॉर्न, ऊन आणि अडलेला रस्ता हे सगळं एकत्र आलं होतं.

आता हो आणि नाही. ग्रीसमध्ये हे पंज्यापेक्षा जास्त नडतं, आणि ते यादीत नसतंच. ग्रीकमध्ये 'ने' म्हणजे हो. मालवण-रत्नागिरीकडचा गेस्ट असेल तर त्याच्या कानाला ते अगदी 'नाय' वाटतं. दुकानदार 'ने, ने' म्हणत असतो आणि आपला माणूस हिरमुसून बाहेर पडतो. नाही म्हणताना ग्रीक माणूस मान आडवी हलवेलच असं नाही. तो डोकं किंचित मागे नेतो, हनुवटी वर, भुवया वर, आणि कधी जिभेने 'च्च' करतो. तुर्कस्तानातही तेच. तिथे तर नुसत्या भुवया वर गेल्या तरी 'नाही' झालं. आपलं 'च्च' हळहळीचं, त्यांचं नकाराचं. इस्तंबूलला एका दुकानात आमच्या तीन जणी मोठ्या मापाचा स्वेटर आहे का म्हणून विचारून उभ्या होत्या. दुकानदाराने भुवया उचलल्या, 'च्च' केलं आणि घडी घालायला लागला. त्याने उत्तर दिलं होतं. या मात्र तो आत जाऊन बघेल म्हणून दहा मिनिटं उभ्या, आणि तो यांना अजून काय हवंय म्हणून अस्वस्थ.

या मागे जाणाऱ्या डोक्याबद्दल एक गोष्ट मला फार आवडते. डेझमंड मॉरिस हे ब्रिटिश प्राणिशास्त्रज्ञ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी युरोपात चाळीस ठिकाणी फिरून खुणांचे अर्थ लोकांनाच विचारले होते, १९७९ साली ते छापून आलं. त्यात इटलीबद्दल दिसलं ते असं: रोम आणि त्याच्या उत्तरेला लोक आपल्यासारखी मान आडवी हलवून नाही म्हणतात, नेपल्स आणि त्याच्या दक्षिणेला डोकं मागे नेऊन. सीमा नेपल्सच्या थोडी वर. दक्षिण इटलीत इसवी सनापूर्वी आठव्या शतकापासून ग्रीकांच्या वसाहती होत्या, त्यांचा पसारा उत्तरेकडे साधारण तिथपर्यंतच होता. भाषा गेली, राज्य गेलं, देवळांचे खांब तेवढे राहिले, आणि नाही म्हणण्याची रीत राहिली. नेपल्सला कोच थांबला की मी मुद्दाम रस्त्यावरच्या माणसाला असं काहीतरी विचारते ज्याचं उत्तर 'नाही' येईल.

नेपल्सचं नाव निघालं म्हणून पाचही बोटांची टोकं जुळवून केलेल्या चिमटीबद्दल सांगते, कारण बाबांचा हात दिवसातून दहादा तिथे जाणार. आपल्याकडे ती चिमटी म्हणजे घास. तोंडाकडे नेली की 'जेवलात का', 'भूक लागली', 'जेवायला चला'. दुसरा अर्थ आपल्या डोक्यातही येत नाही. इटलीत तीच चिमटी वर करून मनगटातून हलवली की 'काय म्हणायचंय तुला?', 'हवंय काय?'. नेपल्सच्या आंद्रेआ दे योरियो नावाच्या धर्मगुरूंनी १८३२ साली नेपल्सच्या खुणांवर एक मोठा ग्रंथ छापला. रस्त्यावरच्या माणसांचे हात पाहून जुन्या ग्रीक भांड्यांवरच्या चित्रांतली माणसं काय बोलत असतील ते उलगडता येईल, अशी त्यांची धारणा होती. २०२० साली ही चिमटी मोबाइलच्या इमोजींत आली, तेव्हा इटलीत लोकांना तिचा अर्थ पाठ होता आणि आपल्याकडे बऱ्याच जणांनी ती जेवणाच्या निमंत्रणाला वापरायला सुरुवात केली.

तुर्कस्तानात तीच चिमटी, बोटांची टोकं वर करून, म्हणजे 'फार सुंदर', 'अप्रतिम'. कापादोक्याला गोरेमेमध्ये एका छोट्या खानावळीत आमच्या सांगलीच्या काकूंना आणखी भात हवा होता. त्यांनी पिलावाच्या रिकाम्या ताटलीकडे बघत चिमटी वर करून दाखवली. खानावळवाल्याने छातीवर हात ठेवला, मान झुकवली आणि आनंदाने आत गेला. भात आला नाही. काकूंनी पुन्हा दाखवली, या वेळी जरा जोरात. तो गेला आणि स्वयंपाकघरातून बायकोला हात पुसत पुसत बाहेर घेऊन आला, कौतुक तिच्यासमोर व्हावं म्हणून. ती बाई लाजली होती. मी मध्ये पडून 'बिराझ दाहा', म्हणजे 'आणखी थोडं', म्हटलं तेव्हा उलगडा झाला. मग त्या बाईने स्वतः भात आणला, आणि काकूंच्या ताटलीत इतका वाढला की काकूंना दोन्ही हात आडवे धरावे लागले.

हीच चिमटी इजिप्तमध्ये 'थांबा जरा', आणि तिथे झालेली चूक मला आजही टोचते. कैरोच्या खान-एल-खलिली बाजारात एका दुकानातल्या मुलाने, चौदा-पंधरा वर्षांचा असेल, आमच्या एका गेस्टला चिमटी दाखवली. तो 'एक मिनिट थांबा, मालकांना बोलावतो' म्हणत होता. आमच्या माणसाला वाटलं, पोर भुकेलं आहे. त्याने खिशातून नोट काढून त्याच्या हातात कोंबली. मुलाचा चेहरा उतरला. त्याने नोट गल्ल्यावर ठेवली आणि तो आत गेला तो बाहेर आलाच नाही. देणाऱ्याच्या मनात दयाच होती. म्हणून मी प्रत्येक ग्रुपला सांगते की आपण कोणती खूण करतो याची जेवढी काळजी घेता, तेवढीच समोरच्याची खूण वाचताना घ्या. ओळखीची दिसणारी खूण जास्त फसवते. जपानमध्ये नाकासमोर पंजा हलवला तर तो 'नाही हो', 'माझ्याकडे नाही' असा नम्र नकार असतो, आपल्याला मात्र घाण वास येतोय असंच वाटतं. क्योटोला शाकाहारी जेवणाची चौकशी करणारे आमचे गेस्ट एका बाईच्या अशा हाताने दुखावले होते, आणि त्या बिचारीने फक्त 'आमच्याकडे मिळत नाही' म्हटलं होतं.

अंगठ्याबद्दल तुमच्या यादीत सगळ्यात वर लिहिलंय. इराणमध्ये वर केलेला अंगठा ही जुनी आणि घाणेरडी शिवी आहे, हे खरं. फोनवरच्या अंगठ्यामुळे तिथल्या तरुणांत चांगला अर्थही रुजला आहे. पण आपल्याला इराणपर्यंत जायला नकोच. 'ठेंगा दाखवला' कुणाच्या भाषेतलं आहे? माझी आजी अंगठा दाखवायची तेव्हा तो 'काही मिळणार नाही' म्हणून असायचा. माझा मुलगा तोच अंगठा 'झालं, समजलं' म्हणून पाठवतो. एका घरात, एका आयुष्यात अर्थ उलटा झाला. ग्रीस-तुर्कस्तानच्या हॉटेलात, विमानतळावर, दुकानात बाबांनी अंगठा दाखवला तर लोक 'छान' असाच घेतील. जर्मनीत मात्र अंगठा म्हणजे आधी 'एक', कारण तिथे मोजणी अंगठ्यापासून सुरू होते. म्युनिकच्या एका बेकरीत मी पाव चाखून अंगठा दाखवला, तर बाईने निमूटपणे आणखी एक पाव पिशवीत टाकला.

अंगठ्याचा सगळ्यात उत्तम धडा मला परदेशात नाही, तारकर्लीला मिळाला. तिथे स्कूबा डायव्हिंगला नेतात तेव्हा पाण्यात उतरण्याआधी बजावून सांगतात: अंगठा वर म्हणजे 'मला वर न्या'. 'सगळं ठीक' असेल तर अंगठा आणि तर्जनी जुळवून वर्तुळ करा. तरीही खाली गेल्यावर रंगीत मासे बघून लोक आनंदाने अंगठा दाखवतात आणि प्रशिक्षक त्यांना वर घेऊन येतो. त्याला तसंच करावं लागतं, कारण खाली गंमत आणि घबराट यांतला फरक ओळखत बसायला वेळ नसतो. माणूस तोच, हात तोच, मालवणचाच समुद्र, फक्त डोक्यावर काही फूट पाणी आलेलं.

पण ते पाण्यातलं वर्तुळ तुर्कस्तानात करू नका. ताई, यादीतली ही एक गोष्ट बाबांना ठामपणे सांगा. आपण भाजी छान झाली की अंगठा-तर्जनी जुळवून 'एक नंबर' म्हणतो, तुर्कस्तानात त्या वर्तुळाचा अर्थ अश्लील आहे, समलिंगी पुरुषाला हिणवायला वापरतात. जेवणाचं कौतुक करायचं असेल तर मघाची चिमटी करा, टोकं वर. काकूंनी नकळत केली तीच. ग्रीसमध्येही वर्तुळ टाळलेलं बरं.

दोन बोटांचं थोडक्यात. ती सांभाळायची मुख्यतः ब्रिटन आणि ऑस्ट्रेलियात. तळवा बाहेर असेल तर विजय, तळवा आत असेल तर शिवी. १९४१ च्या जानेवारीत व्हिक्तॉर द लाव्हले या बेल्जियन नेत्याने बीबीसीवरून 'व्ही' हे चिन्ह सुचवलं, पुढे चर्चिलने ते जगभर नेलं, आणि सुरुवातीच्या काही छायाचित्रांत चर्चिलचाही तळवा आत आहे. १९९२ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष थोरले जॉर्ज बुश कॅनबेराला गाडीतून जाताना रस्त्यावरच्या शेतकऱ्यांना तळवा आत करून दोन बोटं दाखवून बसले होते. लंडनला आपले लोक 'दोन चहा' असेच मागतात, म्हणून तिथे मी आधी सांगते.

बोलावणं. आपण तळवा खाली करून बोटं आत ओढतो, 'या, इकडे या'. तुमच्या सुदैवाने ग्रीस, तुर्कस्तान, दक्षिण इटली, जपान इथे हेच चालतं. अडचण उत्तर युरोपात आणि अमेरिकेत येते. तिथे तळवा वर करून बोलावतात, आणि आपला हात लांबून 'जा, जा' असा दिसतो. स्वित्झर्लंडमध्ये ल्युसर्नला पाऊस सुरू झाला म्हणून मी लांबून कोचच्या ड्रायव्हरला हाताने बोलावलं. त्याने मान डोलावली, गाडी वळवली आणि पार्किंगला निघून गेला. माझे पस्तीस गेस्ट भिजले. एका बोटाने मात्र कुणालाच बोलावू नका, कुठेच. फिलिपिन्समध्ये ते कुत्र्याला बोलावणं आहे, आणि वेटरला बोट दाखवून बोलावणं आपल्या घरीही कुणी शिकवलेलं नसतं. दिशा दाखवायला बोट चालतं, माणसाकडे दाखवायला पूर्ण हात. जावा बेटावर तर दिशासुद्धा मूठ मिटून अंगठ्याने दाखवतात, आणि तो हात किती अदबीचा दिसतो ते प्रत्यक्ष पाहायला हवं.

मोजणीबद्दल मी जरा जास्त बोलते, कारण माझं पोट तिच्यावर आहे. मी हेडकाउंट पेरांवर करते. अंगठा करंगळीच्या खालच्या पेरावर ठेवायचा आणि चढत जायचं, चार बोटं, प्रत्येकी तीन पेरं, एका हातात बारा. आई जप करायची तिच्याकडून शिकले. इस्तंबूलची आमची गाइड पहिल्यांदा हे बघून म्हणाली की तुम्ही प्रार्थना करताय असं वाटलं, आणि तिचं चुकलं असं मला म्हणवेना. चीनमध्ये एका हातावर दहापर्यंत आकडे दाखवतात. अंगठा आणि तर्जनी ताणली की बऱ्याच भागांत ते आठ. जर्मनीत तेच दोन. बाबांना सांगा, आकडा महत्त्वाचा असेल तेव्हा, म्हणजे पैसे, वेळ, खोलीचा नंबर, बोटांवर विसंबू नका. फोनच्या कॅल्क्युलेटरवर आकडा टाका आणि दाखवा. मी स्वतः तसंच करते.

आपल्याकडे बैलबाजारात रुमालाखाली बोटं दाबून सौदा व्हायचा, बाजार समित्यांच्या भाषेत 'हत्ता'. आजूबाजूच्यांना भाव कळू नये म्हणून हात झाकलेले. तुर्कस्तानात बकरी ईदच्या आधीच्या गुरांच्या बाजारात बरोबर उलटं असतं. घेणाऱ्याचा आणि देणाऱ्याचा हात तिसरा माणूस एकमेकांत घालतो आणि सौदा तुटेपर्यंत किंवा जुळेपर्यंत दोघं सगळ्यांसमोर ते हात जोरजोरात वरखाली हलवत राहतात. सांगोल्याकडचे एक शेतकरी गेस्ट कोचच्या खिडकीतून हे बघून खाली उतरले आणि वीस मिनिटं तिथेच उभे राहिले. परत आल्यावर म्हणाले, "हात सुटला की भाव तुटला. समजतंय सगळं." एक शब्द तुर्की येत नव्हता त्यांना.

आणि 'नको'. हे बाबांना पाठच करून पाठवा. तुर्कस्तानात चहा आग्रहाने देतात आणि देतच राहतात. आपण ताटावर हात आडवा धरतो तसा पेल्यावर धरला तरी कळतं, पण त्याहून चांगली खूण आहे. उजवा तळवा छातीवर, डावीकडे, मान थोडी झुकवायची, हसायचं. याचा अर्थ 'मनापासून आभार, आता नको' असा पूर्ण होतो. आभाराला चालतं, नमस्काराला चालतं, बाईमाणसाशी हात मिळवायचा की नाही असा प्रश्न पडला तेव्हा चालतं. ग्रीसमध्येही याचा कुणी वाईट अर्थ घेणार नाही. ज्यांना ऐकू कमी येतं अशा माझ्या सगळ्या गेस्टना मी पहिल्या दिवशी ही एकच खूण शिकवते. आपला दोन हातांचा नमस्कारही खुशाल करा. २०२० च्या साथीनंतर तो सगळ्यांच्या ओळखीचा झालाय. द्यायला-घ्यायला उजवा हात, हे तुमच्या घरात असणारच, तुर्कस्तानातही तोच नियम.

कान पकडण्याचं विसरत होते. आपण चूक झाली की कानाच्या पाळ्या धरतो, आणि गवई गुरूचं नाव घेताना कानाला हात लावतो. पोर्तुगालमध्ये कानाची पाळी चिमटीत धरली की जेवण फर्मास झालं. इटलीत मात्र जुन्या लोकांत ती पुरुषाला हिणवायची खूण आहे. तेव्हा माफी मागायची तर छातीवर हात ठेवूनच मागा.

शेवटी एक प्रसंग सांगते, कारण तुमची आईही जाते आहे आणि यादीत आयांसाठी काहीच लिहिलेलं नाही. आपल्याकडे 'नावाने बोटं मोडणं' म्हणजे शिव्याशाप. आणि लेकराच्या चेहऱ्यावरून हात ओवाळून स्वतःच्या कानशिलावर कडाकडा बोटं मोडणं म्हणजे इडापिडा टळो, सगळं माझ्यावर येवो. बोटं तीच, आवाज तोच. आमच्या साताऱ्याकडच्या एक आजी ग्रीसमध्ये नाफ्प्लियोच्या धक्क्यावर बसल्या होत्या. शेजारच्या बाकावर एक तरुण आई, बाबागाडीत सात-आठ महिन्यांचं गोरंपान बाळ. आजींना राहवलं नाही. त्या उठल्या आणि दोन्ही पंजे उघडून बाळाच्या चेहऱ्याकडे नेले. मी वीस पावलांवर होते आणि माझ्या पोटात गोळा आला, कारण ग्रीक आईच्या डोळ्यांना तो दोन हातांचा मूंत्झा होता, तोही तान्ह्या बाळावर. तिने झटकन बाबागाडी मागे ओढली. आजींचे हात हवेतच ओवाळले गेले, कानशिलावर आले आणि दहाही बोटं वाजली.

ती आई थांबली. आजींच्या चेहऱ्याकडे बघत राहिली. मग खाली वाकली आणि बाळाकडे तोंड करून तीनदा हलकेच म्हणाली, "फ्तू, फ्तू, फ्तू." बाळाच्या अंगरख्याला निळ्या डोळ्याचा मणी टाचलेला होता, दृष्ट लागू नये म्हणून तिथे लावतात तो. आजींनी मण्याकडे बोट केलं, मान डोलावली आणि पर्समधून काजळाची डबी काढली. करंगळी काजळात बुडवली आणि तशीच धरून आईकडे पाहिलं. कोच सुटायची वेळ झाली होती. मी ड्रायव्हरला पाच बोटं दाखवली, तळवा माझ्याकडे करून. त्या आईने बाळाची टोपी कानामागे सरकवली.